साइट इंजिनिअरच्या हातातला टॅब: रेडमी पॅड प्रो, आणि पातळपणासाठी आपण काय देतो

रेडमी पॅड प्रो ७.५२ मिमी जाड आहे, वजन ५७१ ग्रॅम आणि बॅटरी १०,००० एमएएचची. दुकानात शेजारी साडेपाच-सहा मिमीचे टॅब मांडलेले असले की हा जरा आडदांड दिसतो. नागपूरच्या आसपासच्या बांधकाम साइटवर मी वर्षभराहून अधिक काळ हा वापरते आहे. माझ्यासारखं काम करणाऱ्या कोणी आज विचारलं की कोणता टॅब घेऊ, तर मी सांगेन की तो किती पातळ आहे ते नंतर बघा, आत बॅटरीला जागा किती ठेवली आहे ते आधी बघा.

माझं काम स्ट्रक्चरल ड्रॉइंग साइटवर उतरवण्याचं. पूर्वी ते ए-१ आकाराच्या कागदांवर चालायचं. ५९४ बाय ८४१ मिमीचा कागद, चौथ्या मजल्यावर वारा सुटला की चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवूनही थांबायचा नाही. घामाने आणि सिमेंटच्या पाण्याने घड्यांवरची अक्षरं पुसली जायची आणि नेमकी तिथेच एखाद्या बीमची सळई लिहिलेली असायची. त्याहून मोठा धोका जुन्या रिव्हिजनचा. कन्सल्टंटने तिसरं रिव्हिजन पाठवलेलं असतं, साइट ऑफिसच्या कपाटात दुसरंच पडलेलं असतं आणि फिटर त्यावरून लोखंड बांधून मोकळा होतो. आता सगळा संच पीडीएफमध्ये टॅबवर असतो. नवं रिव्हिजन आलं की जुनं त्याच क्षणी वेगळ्या फोल्डरमध्ये जातं. या एका सोयीसाठी मी टॅबची कायम ऋणी राहीन.

स्लॅब टाकायचा दिवस म्हणजे टॅबची खरी परीक्षा. काँक्रीट पडायच्या आधी लोखंड तपासायचं: सळईचा व्यास, दोन सळयांमधलं अंतर, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे), चेअर (वरच्या सळया उचलून धरणारे लोखंडी पाय), लॅपची म्हणजे दोन सळया एकमेकींवर येतात त्या भागाची लांबी, बीम-कॉलमच्या जोडावर रिंगा जवळ घेतल्यात की नाही. प्रत्येक ठिकाणी ड्रॉइंग उघडायचं, मोठं करायचं, खात्री करायची, फोटो काढायचा. एकदा काँक्रीट पडलं की आतलं काही दिसत नाही, फोटो हाच पुरावा. मधेच पुण्यातल्या कन्सल्टंटना व्हिडिओ कॉल लावून एखादा जोड दाखवायचा. मग ट्रान्झिट मिक्सर येतात, प्रत्येक गाडीचं चलन, स्लम्प (काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे त्याची चाचणी), ताकद तपासायचे क्यूब भरल्याची नोंद. हे सकाळी सातला सुरू झालं की कधी संध्याकाळी सातला संपतं, कधी रात्री दहाला.

आणि हे सगळं उन्हात. घरात टॅबची ब्राइटनेस चाळीस टक्क्यांवर असली तरी पुरते. उघड्या स्लॅबवर सकाळी नऊनंतर ती शंभर टक्क्यांवर न्यावी लागते आणि तिथून खाली आणता येत नाही. टॅबमध्ये सगळ्यात जास्त वीज खातो तो पडदा. पूर्ण ब्राइटनेस, मोबाइल डेटा आणि व्हिडिओ कॉल एकत्र आले की खोक्यावर छापलेले तास निम्म्यावर येतात. ते तास खोटे नसतात. ते घरातल्या उजेडात, वाय-फायवर, व्हिडिओ किंवा वेबपेज बघताना मोजलेले असतात. सोफ्यावर बसून बघणाऱ्याला ते तितके मिळतातही.

याआधी ऑफिसने एक टॅब दिला होता. अकरा इंची, साडेपाच मिमीच्या आसपास, हातात घेतला की कौतुक वाटावं असा. कोणत्या कंपनीचा ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तितकी जाडी आणि तितकी बॅटरी म्हटली की कोणाचाही टॅब माझ्या कामात तसाच वागला असता. एका स्लॅबला काँक्रीटची पहिली गाडीच दुपारी आली. तोपर्यंत लोखंड तपासण्यात अर्ध्याहून जास्त बॅटरी गेली होती. चारच्या सुमाराला पंपाचा पाइप बाल्कनीकडे सरकला. बाल्कनी म्हणजे कॅन्टिलिव्हर, एकाच बाजूने आधार असलेला भाग, तिथे मुख्य सळई वरच्या बाजूला, आणि तिच्यात कसूर चालत नाही. मिस्त्रींनी विचारलं, "मॅडम, इथं शंभरला आहे का सव्वाशेला?" म्हणजे दोन सळयांमधलं अंतर १०० मिमी की १२५. मी ड्रॉइंग उघडलं आणि पडदा काळा झाला.

मग फोनच्या सहा इंची पडद्यावर ए-१ची शीट सरकवत बसायचं. वर पंप सुरू, खाली मिक्सर उभा, काँक्रीटचा वेळ चालू आहे आणि मिस्त्री, फिटर, ठेकेदाराचा माणूस असे सगळे त्या एवढ्याशा पडद्यात डोकं घालून. उत्तर मिळालं, १०० होतं आणि बांधलेलंही १००लाच होतं. पण मधली ती दहा-पंधरा मिनिटं काम माझ्यामुळे थांबलं, आणि अशा मिनिटांना साइटवर किंमत असते. चार्जिंग लावायचं म्हटलं तर स्लॅबवर जो एक बोर्ड वर आणलेला असतो त्यावर व्हायब्रेटर आणि कटिंग मशीन असतं. तिथे टॅबची वायर लावली तर ती कोणाच्या तरी पायात येणार, आणि पोर्टमध्ये सिमेंटची धूळ जाणार ती वेगळीच.

त्यानंतर मी आकडे बघायला लागले आणि एक गोष्ट लक्षात आली, जिच्याबद्दल मला मनापासून राग आहे.

२०१० साली पहिला आयपॅड आला. जाडी १३.४ मिमी, बॅटरी २५ वॅट-तास (बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा या मापात मोजतात), दावा १० तासांचा. पुढच्याच वर्षी आयपॅड २ आला. जाडी एकदम ८.८ मिमी, बॅटरी तेवढीच, दावा १० तासांचाच. २०१४चा आयपॅड एअर २ हा ६.१ मिमीचा, २७.३ वॅट-तासांचा, आणि पुन्हा १० तास. २०२४चा अकरा इंची आयपॅड प्रो ५.३ मिमीचा, ३१.२९ वॅट-तासांचा, दावा १० तास. चौदा वर्षांत चिप किती पट वेगवान झाली, कमी विजेत किती जास्त काम करू लागली, बॅटरीच्या त्याच जागेत जास्त ऊर्जा मावू लागली. हा सगळा फायदा गेला कुठे? तो पडद्यात गेला, वेगात गेला आणि पातळपणात गेला. तासांच्या वाट्याला काहीच आलं नाही. दहा तास पुरेत, असं एकदा ठरलं आणि तो आकडा तिथेच खिळला. मोबाइल डेटावर तर कंपनी स्वतःच ९ तास सांगते.

ॲपलचंच उदाहरण घेते कारण त्यांचे आकडे वॅट-तासात दिलेले असतात आणि वर्षानुवर्षांची तुलना सरळ करता येते. एमएएच हा आकडा बॅटरीचं व्होल्टेज सोबत नसेल तर अर्धाच असतो. साधारण हिशेब असा की टॅबमधल्या बॅटरीचं सरासरी व्होल्टेज पावणेचारच्या थोडं वर, म्हणजे १०,००० एमएएच म्हणजे ३८-३९ वॅट-तास. खरेदी करताना एवढा गुणाकार जरूर करा.

आता जाडीचा हिशेब. टॅबच्या जाडीत वरची काच येते, तिच्याखालचा पडदा येतो आणि मागचा पत्रा येतो. हे थर एका मर्यादेपलीकडे पातळ होत नाहीत. मग राहिलेल्या जागेत बॅटरी. म्हणून एक मिलिमीटर कापला की तो जवळजवळ सगळा बॅटरीच्या वाट्यातून जातो. दहा-अकरा इंची टॅबमध्ये बॅटरीने साधारण २० बाय १२ सेंटिमीटर जागा व्यापली आहे असं धरा. त्यावर एक मिलिमीटरचा थर म्हणजे २४ घन सेंटिमीटर. लिथियम पॉलिमर बॅटरीत एका घन सेंटिमीटरला अर्धा वॅट-तास किंवा थोडं जास्त मावतं. म्हणजे १२ ते १४ वॅट-तास. ज्या टॅबमध्ये मुळात २९ वॅट-तास आहेत तिथे हे ४० टक्क्यांहून जास्त झाले. वजन वाढणार ५०-६० ग्रॅम. दहाचे चौदा तास, एका मिलिमीटरमध्ये. आम्ही इंजिनिअर लोक असा सौदा दिसला की विचारही करत नाही, सही करतो.

हा कागदावरचाच हिशेब आहे असं वाटू नये म्हणून २०१२चा तिसरा आयपॅड आठवा. त्याला चौपट पिक्सेलचा रेटिना पडदा द्यायचा होता आणि त्या पडद्याला उजेड जास्त लागत होता. मग त्यांनी काय केलं? टॅब ८.८चा ९.४ मिमी केला आणि बॅटरी २५ची ४२.५ वॅट-तास केली. जाडी ०.६ मिमीने वाढली, वजन ६०१चं ६५२ ग्रॅम झालं आणि ऊर्जा ७० टक्क्यांनी वाढली. ती सगळी पडद्याने खाल्ली आणि तास दहाच राहिले हा भाग वेगळा. पण गरज पडली तेव्हा जाडी वाढवता आली, जग बुडालं नाही, लोकांनी तो टॅब घेतला. मग नंतर कधी तासांसाठी का वाढवता आली नाही?

उलट दिशेचं उदाहरण सॅमसंगचं. २०१४चा गॅलेक्सी टॅब एस १०.५ हा ६.६ मिमीचा होता, बॅटरी ७,९०० एमएएच. वर्षभरात टॅब एस२ आला. त्यातला मोठा, ९.७ इंची, ५.६ मिमीचा आणि बॅटरी ५,८७०. पडदा थोडा लहान झाला हे खरं, तरी एक मिलिमीटर कमी करण्यासाठी पाव बॅटरी गेली हे डोळ्यांना दिसतं. २०१७च्या टॅब एस३मध्ये जाडी ६.० मिमीवर आणली आणि बॅटरी ६,०००वर. पुढे कंपनीने मोठ्या पडद्यांचे टॅब काढले आणि तिथे हा प्रश्न सौम्य झाला.

सौम्य का झाला ते समजून घेण्यासारखं आहे. बॅटरीचं आकारमान म्हणजे क्षेत्रफळ गुणिले जाडी. १४.६ इंची गॅलेक्सी टॅब एस९ अल्ट्रा ५.५ मिमीचा असून त्यात ११,२०० एमएएच बसतात, कारण पाठच मोठी आहे. तेरा इंची आयपॅड प्रो ५.१ मिमीमध्ये ३८.९९ वॅट-तास बसवतो. पण आठ इंचाच्या आसपासचा टॅब पातळ केला की त्याच्याकडे काहीच उरत नाही. आयपॅड मिनी ६.३ मिमीचा, १९.३ वॅट-तासांचा. म्हणून लहान टॅब घेणाऱ्याने पातळपणाचं कौतुक सगळ्यात कमी करावं.

तेरा इंची आयपॅड प्रोबद्दल मात्र मला एक हिशेब मांडायचाच आहे. आधीचा, २०२२चा १२.९ इंची मॉडेल ६.४ मिमीचा, ६८२ ग्रॅमचा, ४०.८८ वॅट-तासांचा होता. २०२४मध्ये पडदा ओएलईडी केला, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे मागच्या उजेडाचा थर गेला, जागा मोकळी झाली आणि टॅब ५.१ मिमी, ५७९ ग्रॅमवर आला. बॅटरीसुद्धा थोडी कमीच झाली. समजा त्यांनी जाडी ६.४च ठेवली असती. अर्ध्या पाठीएवढ्या जागेत १.३ मिमीचा जादा थर म्हणजे ३९ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २० वॅट-तास. निम्म्याने जास्त बॅटरी. वजन वाढलं असतं ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६६०. आधीच्या मॉडेलपेक्षा तो तरीही वीसेक ग्रॅमने हलकाच राहिला असता आणि हातात पंधरा तास आले असते. विमानात न्यायची १०० वॅट-तासांची मर्यादा तर फारच दूर. इंजिनिअरिंग म्हणून ते ५.१ मिमी थक्क करणारे आहेत, त्यात शंकाच नाही. त्याच वर्षीच्या अकरा इंचीत पातळ करूनही बॅटरी २८.६५ची ३१.२९ केली, तेही मान्य. पण मोकळी झालेली जागा वापरणाऱ्याला द्यायची की जाहिरातीला, हा निर्णय कोणीतरी टेबलावर बसून घेतला आणि तो माझ्यासारखीच्या बाजूने लागला नाही.

आता माझ्या टॅबकडे येते. रेडमी पॅड प्रोचा पडदा १२.१ इंची, २५६० बाय १६०० पिक्सेलचा. ए-१ शीट त्यावर पूर्ण उघडली की दोन्ही बाजूंना थोडी पट्टी रिकामी राहते, कारण पडदा शीटपेक्षा लांबट आहे. ती पट्टी वाया जात नाही, पीडीएफ ॲपची साधनं तिथे बसतात. मोठं न करता कॉलमचे नंबर वाचता येतात, सळईची नोंद वाचायला एकदा चिमटीने मोठं करावं लागतं. अकरा इंचीत हे दोनदा-तीनदा करावं लागायचं. दिवसभरात त्याचा फरक जाणवतो.

पडदा एलसीडी आहे आणि त्याची ब्राइटनेस ६०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) सांगितली आहे. मे महिन्याच्या बारा वाजताच्या उन्हात कोणताही चकचकीत काचेचा टॅब पाठ उन्हाकडे करून, अंगाच्या सावलीतच वाचावा लागतो. हाही तसाच वाचावा लागतो. आयपॅड प्रोसारखे महागडे ओएलईडी पडदे १००० निट्सपर्यंत जातात आणि ते तिथे नक्कीच सरस आहेत. ज्यांचं बजेट तेवढं आहे आणि जे दिवसात दोन-तीन तासच बाहेर असतात त्यांनी ते घ्यावेत.

बॅटरी. सकाळी सातला पूर्ण चार्ज करून निघाले, दिवसभर पडदा पूर्ण ब्राइटनेसवर थांबत-थांबत चालू, फोनच्या हॉटस्पॉटवर दोन-तीन व्हिडिओ कॉल, पन्नास-साठ फोटो. अशा दिवशी संध्याकाळी साइट ऑफिसात येते तेव्हा तीसच्या आसपास टक्के उरलेले असतात. नुसत्या तपासणीच्या दिवशी निम्मी बॅटरी शिल्लक राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार्ज न करता निघालं तरी दुपारपर्यंत चालते. रात्रीच्या स्लॅबला तर हिशेबच सोपा, अंधारात ब्राइटनेस निम्म्यावर येते आणि बॅटरीचा विचारही मनात येत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे मोठे स्लॅब संध्याकाळनंतरच घेतात, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. चार्जिंग ३३ वॅटचं आहे. एवढी मोठी बॅटरी त्याने भरायला वेळ लागतो, पण मी ती रात्री घरी भरते, त्यामुळे वेगाचं मला काही वाटत नाही. ज्यांना अर्ध्या तासात भरून निघायचं असतं त्यांनी वनप्लस पॅडसारखा ६७ वॅटवाला पाहावा. तोही ६.५४ मिमीमध्ये ९,५१० एमएएच बसवतो, हे सांगायला हवं.

मेमरी कार्डाची जागा आहे ही माझ्यासाठी मोठी गोष्ट. प्रकल्पाचा पूर्ण संच, मागच्या सगळ्या रिव्हिजनसकट, कार्डावर असतो. तळघरात रेंज नसली तरी काम अडत नाही. हेडफोनचं भोकही आहे. व्हायब्रेटरच्या आवाजात कन्सल्टंटचं बोलणं ऐकायला वायरचे हेडफोनच कामाला येतात.

आता वजन. इथे मी काही लपवणार नाही, ५७१ ग्रॅम हे वजन आहे. त्यावर साइटसाठी रबराचं जाड कव्हर, मागे हाताचा पट्टा. सगळं मिळून पाऊण किलोच्या पुढे जातं. डाव्या हातावर टॅब, उजव्या हातात टेप, असं तासभर बीमवरून चाललं की मनगट बोलतं. मी खांद्यावरून जाणारा पट्टा लावून घेतला, त्यानंतर बरं आहे. शिडी चढताना तो पाठीवर टाकता येतो.

पण वजन आणि जाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि जाहिराती त्या मुद्दाम एकत्र करतात. हाताला त्रास होतो तो ग्रॅमचा. मिलिमीटरचा हाताला काही त्रास होत नाही. साडेसात मिमीची कड बोटांना उलट बरी धरता येते, फार पातळ कड तळव्यात रुतते. शिवाय साइटवर कोण उघडा टॅब वापरतं? माझ्या माहितीतल्या एकाही इंजिनिअरचा टॅब कव्हरशिवाय नाही. पाच मिमीच्या टॅबवर कव्हर चढलं की तो दहाच्या पुढे जातो. मग तो पातळपणा दुकानातल्या टेबलावर दिसला तेवढाच.

त्यात पॉवर बँक मोजा. पातळ टॅब वापरणारे माझे सहकारी १०,००० एमएएचची पॉवर बँक खिशात ठेवतात. तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या वर. तिच्यात ३७ वॅट-तास असतात, पण व्होल्टेज वाढवून वायरमधून टॅबपर्यंत पोचेस्तोवर त्यातले बरेच उष्णतेत जातात. अकरा इंची आयपॅड प्रो ४४४ ग्रॅमचा आहे. पॉवर बँक धरली की ६५०च्या आसपास, म्हणजे माझ्या ५७१पेक्षा जास्त, आणि वर ती वायर. तीच ऊर्जा टॅबच्या आत असती तर वजनही कमी लागलं असतं आणि वायाही गेली नसती.

लेनोव्होने २०१३मध्ये योगा टॅबलेट काढला होता, त्यात टॅबच्या एका काठावर नळीसारखा गोल भाग होता आणि बॅटरी त्यात होती. दहा इंची मॉडेलमध्ये ९,००० एमएएच, दावा १८ तासांचा. हाताने धरायला तीच नळी कामाची, टेबलावर उभा करायला तिथेच पाय. मला ती रचना आजही सगळ्यात शहाणी वाटते. जाडी हवी तिथे दिली आणि बाकीचा टॅब पातळ ठेवला. तसं पुन्हा कोणी बांधकामाच्या माणसांसाठी केलं तर मी पहिल्या दिवशी घेईन. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेत दुसरा रस्ता आहे: टॅब ॲक्टिव्ह४ प्रो १०.२ मिमीचा, धूळ-पाण्यापासून आयपी६८ संरक्षण असलेला, आणि त्याची ७,६०० एमएएचची बॅटरी मागचं झाकण काढून स्वतः बदलता येते. दुसरी बॅटरी बॅगेत ठेवा, संपली की बदला. वजन ६७४ ग्रॅम. पाइलिंग, बोगदे, धरणं अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी या जातीचाच टॅब बघावा.

पातळ टॅब कोणासाठी योग्य, तेही सांगते. माझे बाबा रात्री अंथरुणावर पडून ई-पेपर वाचतात, टॅब छातीवर टेकवून. त्यांना मी माझा टॅब देणार नाही. त्यांना चारशे-साडेचारशे ग्रॅमचा हलका टॅब हवा, चार्जर उशाशीच आहे. कॉलेजची मुलं, जी वर्गातून वर्गात जातात आणि प्रत्येक भिंतीला सॉकेट आहे, त्यांनाही चालेल. ज्यांचा दिवस सॉकेटपासून लांब जातो त्यांच्याबद्दल मी बोलते आहे: पंचनाम्याला शेतात जाणारे कृषी सहायक, गावोगावी फिरणाऱ्या आशाताई, मोजणीला जाणारे भूकरमापक. सरकारी कामं टॅबवर आणि मोबाइलवर आली, आणि ती करणारी माणसं उन्हातच आहेत.

उन्हाबद्दल आणखी एक. नागपूर-चंद्रपूरकडे मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो. आयपॅडच्या तपशिलात वापरायचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं आहे, म्हणजे आमचा निम्मा उन्हाळा त्याच्या बाहेरच. उष्णतेने लिथियम बॅटरीचं आयुष्य कमी होतं आणि उष्णतेत चार्ज केली तर आणखी लवकर. म्हणून दिवसा गाडीत चार्जिंगला लावून टॅब डॅशबोर्डवर ठेवू नका. दिवसाचं काम एका चार्जमध्ये निघालं की टॅब रात्री, थंड खोलीत भरता येतो. मोठ्या बॅटरीचा हा फायदा कोणी सांगत नाही.

दुसरा फायदा चार्जिंगच्या फेऱ्यांचा. माझ्या दिवसाला सत्तर टक्के लागतात. वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले तर २१० पूर्ण फेऱ्या. तेच काम लहान बॅटरीवर केलं आणि ती दिवसात भरून घ्यावी लागली, म्हणजे रोज एकशे तीस टक्के, तर ३९० फेऱ्या. युरोपीय संघाच्या जून २०२५पासून लागू झालेल्या नियमात फोन आणि टॅबच्या बॅटरीने ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखावी अशी अट आहे. त्या हिशेबाने माझी बॅटरी तिथे पोचायला पावणेचार वर्षं घेईल आणि लहान दोन वर्षांत पोचेल. आणि वीस टक्के घट मोठ्या बॅटरीत सोसवते. लहान बॅटरीत मात्र तीच घट म्हणजे दुपारी तीनला बंद पडणारा टॅब.

बॅटरी बदलण्याबद्दल युरोपात आणखी एक नियम येतो आहे. १८ फेब्रुवारी २०२७पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता येईल अशी असावी, काही अपवाद सोडून. तो आपल्याकडे लागू नाही, पण कंपन्या सगळ्या जगासाठी एकच साचा बनवतात, तेव्हा त्याचा परिणाम इथल्या टॅबांवरही दिसेल अशी मला आशा आहे. तोवर टॅब घेताना काउंटरवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लिहून घ्या: बॅटरी किती वॅट-तासांची, बदलून कुठे मिळते, आणि त्याला खर्च किती. मी ज्या दुकानातून घेतला तिथल्या मुलाने तिसऱ्या प्रश्नासाठी सर्व्हिस सेंटरला फोन लावून विचारून दिलं, आणि मग मी पैसे दिले.